मुंबईतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीत नेमकं काय ठरतं? व्हिसा, पासपोर्ट आणि संकटातली मदत, सगळं समजून घ्या

फेब्रुवारी २०२५. कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थिनीला १४ तारखेला गाडीने धडक दिली. ती कोमात गेली. इकडे वडिलांना तातडीने अमेरिकेला जायचं होतं, पण त्यांच्याकडे व्हिसा नव्हता. तेव्हाच्या बातम्यांनुसार, मुलाखतीसाठी जी तारीख उपलब्ध दिसत होती, ती थेट पुढच्या वर्षीची होती.

दोन आठवडे कुटुंबाची धावपळ सुरू राहिली. खासदार सुप्रिया सुळे यांनी सोशल मीडियावर परराष्ट्र मंत्रालयाला मदतीचं आवाहन केलं, बातमी देशभर पोहोचली, मंत्रालयाने अमेरिकेकडे विषय नेला आणि २८ फेब्रुवारीला मुंबईतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये वडिलांची मुलाखत झाली. त्याच दिवशी व्हिसा मिळाला.

तेव्हा सोशल मीडियावर दोन प्रश्न विचारले जात होते. मुलगी कोमात असताना वडिलांना व्हिसा द्यायला इतका वेळ का लागतो? आणि भारत सरकारच तो व्हिसा मिळवून का देत नाही?

त्यानंतर नियम आणखी कडक झाले आहेत. त्यामुळे या खिडकीमागे काय चालतं, कोणत्या दारातून मदत मिळते आणि कुठे ती मिळूच शकत नाही, हे माहीत असणं आता जास्त गरजेचं झालंय.

एम्बसी आणि कॉन्सुलेट यात फरक काय?

एखाद्या देशाचा राजदूत जिथे बसतो ती एम्बसी, म्हणजे राजदूतावास. ती राजधानीत असते. अमेरिकेची एम्बसी नवी दिल्लीत आहे. दोन सरकारांमधली राजनैतिक बोलणी तिथून होतात.

कॉन्सुलेट म्हणजे वाणिज्य दूतावास. त्याचा संबंध थेट सामान्य माणसाशी येतो. मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद इथे अमेरिकेची कॉन्सुलेट्स आहेत. मुंबईचं कॉन्सुलेट आधी ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होतं. २०११ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात आलं. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हा भाग मुंबईकडे येतो.

कॉन्सुलेटची कामं ठरलेली आहेत. १९६३ च्या व्हिएन्ना करारात त्यांची यादी आहे. त्यातली तीन आपल्या कामाची:

– दुसऱ्या देशाच्या नागरिकांना व्हिसा देणं
– आपल्या नागरिकांना पासपोर्ट आणि इतर कागदपत्रं देणं
– आपले नागरिक संकटात असतील तर त्यांना मदत करणं

इथेच पहिली गल्लत होते. बीकेसीतलं कॉन्सुलेट भारतीयांसाठी फक्त पहिलं काम करतं. उरलेली दोन अमेरिकन नागरिकांसाठी आहेत. अमेरिकेत अडकलेल्या भारतीयासाठी ती कामं भारताची तिथली कॉन्सुलेट्स करतात. म्हणून वरच्या प्रकरणात कुटुंबाला एकाच वेळी दोन देशांची दारं ठोठवावी लागली. मुलीच्या मदतीसाठी भारताचं अमेरिकेतलं कार्यालय आणि वडिलांच्या व्हिसासाठी अमेरिकेचं मुंबईतलं.

आणखी एक गैरसमज. 'कॉन्सुलेटची जागा म्हणजे अमेरिकेची जमीन' असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. जमीन भारताचीच असते. परवानगीशिवाय भारतीय यंत्रणांना आत जाता येत नाही, एवढंच संरक्षण करारानं दिलंय.

व्हिसाची तारीख इतकी लांबची का मिळते?

साधं कारण म्हणजे अर्ज प्रचंड आणि खिडक्या मोजक्या. अमेरिकन एम्बसीच्या आकडेवारीनुसार, २०२३ मध्ये भारतात १४ लाख व्हिसांवर काम झालं. तो तेव्हाचा विक्रम होता. जगभरात अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या दर दहा लोकांमागे एक भारतीय होता. कोविडनंतर पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी सरासरी १,००० दिवस थांबावं लागत होतं, ते २५० दिवसांवर आणल्याचं एम्बसीने तेव्हा सांगितलं. म्हणजे सुधारणा होऊनही आठ महिने.

विद्यार्थ्यांची संख्याही मोठी. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते. कोणत्याही देशापेक्षा जास्त. यातला प्रत्येक जण एकदा तरी या खिडकीसमोर उभा राहिलेला असतो. मग त्यांचे आईवडील पदवीदानाला जायचं म्हणून अर्ज करतात, तो वेगळाच.

त्यात एजंट आणि बॉट्स. तारखा खुल्या झाल्या की सॉफ्टवेअर लावून त्या अडवायच्या आणि नंतर पैसे घेऊन विकायच्या, असा धंदा सुरू होता. मार्च २०२५ मध्ये एम्बसीने बॉट्सनी घेतलेल्या सुमारे २,००० अपॉइंटमेंट रद्द केल्या आणि संबंधित खात्यांवर निर्बंध आणले. १ जानेवारी २०२५ पासून एक नियमही आला. तारीख फक्त एकदाच मोफत बदलता येते. त्यानंतर चुकली तर फी पुन्हा भरायची.

प्रक्रिया कशी असते?

आधी डीएस-१६० नावाचा ऑनलाइन फॉर्म. मग फी. पर्यटक आणि विद्यार्थी व्हिसासाठी ती १८५ डॉलर, म्हणजे साधारण १६ हजार रुपये. एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसासाठी २०५ डॉलर. व्हिसा नाकारला तरी ही फी परत मिळत नाही.

त्यानंतर दोन तारखा. एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी वेगळ्या केंद्रावर, दुसरी कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीसाठी. इंग्रजी येत नसेल तर मुंबईत मराठी, हिंदी किंवा गुजरातीत मुलाखत देता येते. गावाकडून आलेल्या आजी-आजोबांनी इंग्रजी वाक्यं पाठ करून जायची गरज नाही.

आत मोबाइल, लॅपटॉप, बॅगा नेता येत नाहीत आणि लॉकरही मिळत नाही. २०२५ मध्ये व्हायरल झालेला, कॉन्सुलेटबाहेर रिक्षा उभी करून लोकांच्या बॅगा सांभाळणारा रिक्षावाला आठवत असेल. बॅगेमागे हजार रुपये घेतो आणि महिन्याला लाखो कमावतो, असा त्या पोस्टमधला दावा होता. नंतर पोलिसांनी तो प्रकार बंद केला. कमाईचा आकडा बाजूला ठेवला तरी अडचण खरी आहे. कोल्हापूर किंवा नांदेडहून आलेल्या माणसाने सामान कुठे ठेवायचं, याचं उत्तर आधीच शोधून निघालेलं बरं.

मुलाखत साधारण दोन-तीन मिनिटांची. खिडकीपलीकडचा अधिकारी फाइल चाळेलच असं नाही. अनेकदा तो कागद मागतही नाही. फॉर्ममध्ये लिहिलेलं आणि समोर बोललेलं जुळतं का, हे तो पाहतो.

मुलाखतीत ठरतं तरी काय?

अमेरिकेच्या कायद्यात कलम २१४(बी) आहे. त्यानुसार तात्पुरत्या व्हिसासाठी अर्ज करणारा जवळपास प्रत्येक माणूस अमेरिकेत कायमचं राहायला निघालाय, असं आधी गृहीत धरलं जातं. तसं नाही, हे अर्जदाराने पटवून द्यायचं. नोकरी, घर, शेती, कुटुंब, आधीचे परदेश प्रवास, म्हणजे परत यायला भाग पाडणारं काय आहे ते. एच-१बी आणि एल व्हिसा यातून वगळलेले आहेत.

म्हणून बँकेत ४० लाख असूनही एखाद्या तरुणाला नकार मिळतो आणि निवृत्त शिक्षिकेला दहा वर्षांचा व्हिसा मिळतो. पैसा हा फक्त एक मुद्दा आहे.

दुसरा शब्द लक्षात ठेवायचा तो २२१(जी). म्हणजे निर्णय अडकलाय, आणखी कागद किंवा तपासणी हवी. वेबसाइटवर अशा अर्जासमोर 'रिफ्युज्ड' असंच दिसतं आणि घरात रडारड सुरू होते. प्रत्यक्षात तपासणी पूर्ण झाल्यावर असे अनेक व्हिसा मिळतात. हातात दिलेल्या कागदावर कोणतं कलम लिहिलंय, ते आधी पाहायचं.

नकार मिळाला तर अपील करता येतं?

२१४(बी)खाली नकार आला तर नाही. पुन्हा फी भरून नवा अर्ज करता येतो, इतकंच. परिस्थितीत काही बदल नसेल तर उत्तरही तेच येण्याची शक्यता जास्त.

कोर्टाचा रस्ताही जवळपास बंद आहे. कॉन्सुलर अधिकाऱ्याच्या निर्णयात न्यायालयांनी पडायचं नाही, हे अमेरिकेतलं जुनं तत्त्व आहे. जून २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते आणखी पक्कं केलं. एका अमेरिकन महिलेच्या एल साल्वाडोरच्या पतीला व्हिसा नाकारला होता. 'पतीसोबत माझ्या देशात राहणं हा माझा हक्क आहे' असं तिचं म्हणणं होतं. कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते फेटाळलं.

जिथे अमेरिकन नागरिकाच्या पतीसाठी कोर्ट मध्ये पडलं नाही, तिथे भारतातल्या खासदाराची किंवा मंत्र्याची चिठ्ठी काय करू शकते? ती विनंती पोहोचवू शकते, मुलाखत लवकर मिळवून देऊ शकते. व्हिसा द्यायचा की नाही हे ठरवणं पूर्णपणे त्या देशाच्या हातात असतं. भारतही परदेशी लोकांच्या बाबतीत हाच अधिकार वापरतो. 'भारत सरकारच व्हिसा मिळवून का देत नाही' याचं उत्तर इथे आहे.

२०२५ मध्ये काय बदललं?

बरंच काही, आणि एकामागून एक.

सोशल मीडिया: डीएस-१६० फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती लिहावी लागतात. हा नियम २०१९ पासूनच आहे. मे २०२५ च्या शेवटी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या गेल्या. जूनमध्ये त्या सुरू झाल्या तेव्हा एफ, एम आणि जे व्हिसाच्या अर्जदारांना खाती 'पब्लिक' करायला सांगितलं. १५ डिसेंबर २०२५ पासून हाच नियम एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसालाही लागू झाला.

यावर लगेच जुन्या पोस्ट डिलीट करायची लाट आली. पण खातं लपवणं ही जास्त धोक्याची गोष्ट आहे. वापरात असलेलं खातं फॉर्ममध्ये लिहिलंच नाही तर ती माहिती दडवणं ठरतं. त्यावरून व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि पुढच्या अर्जांवरही परिणाम होतो, असं एम्बसीने स्पष्ट सांगितलंय.

ड्रॉपबॉक्स: व्हिसा रिन्यू करताना मुलाखतीशिवाय फक्त कागद जमा करायची सोय होती. २ सप्टेंबर २०२५ पासून ती बहुतेकांसाठी बंद झाली. १४ वर्षांखालची मुलं आणि ७९ वर्षांवरचे ज्येष्ठ यांनाही आता साधारणपणे मुलाखतीला यावं लागतं. पर्यटक व्हिसा संपून १२ महिने झाले नसतील तर अटींसह सूट आहे. म्हणजे आजोबांच्या जुन्या व्हिसाची तारीख आजच तपासून ठेवायला हरकत नाही.

दुसऱ्या देशातून अर्ज: भारतात तारीख मिळत नाही म्हणून बँकॉक, सिंगापूर किंवा जर्मनीत जाऊन मुलाखत द्यायची, हा रस्ता अनेकांनी वापरला. सप्टेंबर २०२५ पासून आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच अर्ज करायचा, असं सांगण्यात आलं. तो सगळा भार पुन्हा भारतातल्या खिडक्यांवर आला.

एक लाख डॉलर: १९ सप्टेंबर २०२५ ला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एच-१बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. ते आधीच व्हिसा असलेल्यांना लागू नाही, हा खुलासा यायला वेळ लागला. तोपर्यंत विमानतळांवर गोंधळ उडाला होता.

डिसेंबरमध्ये सुट्टीवर आलेले लोक का अडकले?

हे समजायला एक बारीक फरक लक्षात घ्यावा लागतो. व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत जायची परवानगी. तिथे किती दिवस राहायचं, हे वेगळ्या कागदावर ठरतं. त्यामुळे पासपोर्टवरचा शिक्का संपला तरी एच-१बीवाला माणूस अमेरिकेत कायदेशीरपणे नोकरी करत राहू शकतो. पण तो एकदा देशाबाहेर पडला की परत जाताना नवा शिक्का लागतो. तो शिक्का फक्त कॉन्सुलेटमध्ये मिळतो.

२०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतच शिक्का नूतनीकरण करून द्यायचा एक प्रयोग झाला होता. तो २० हजार अर्जांपुरता होता. पुढे तो सर्वांसाठी सुरू झाला नाही.

एच-१बी मंजुऱ्यांमध्ये भारतीयांचा वाटा सुमारे ७१ टक्के. यातले अनेक जण डिसेंबरच्या सुट्टीत घरी येतात. लग्न, वास्तुशांत, आईवडिलांची भेट आणि जोडीला मुंबईत व्हिसाचा शिक्का, असं ठरलेलं असतं. २०२५ च्या डिसेंबरमध्ये नव्या तपासणीमुळे रोज घेता येणाऱ्या मुलाखती कमी झाल्या आणि अनेकांच्या तारखा थेट मार्च २०२६ आणि त्यापुढे ढकलल्या गेल्या. जुन्या तारखेला आलात तर आत घेतलं जाणार नाही, असं एम्बसीने जाहीर केलं.

तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेला माणूस तीन महिने अडकला. तिकडे घराचं भाडं, गाडीचा हप्ता, मुलांची शाळा चालूच. त्यातही मुलं अमेरिकेत जन्मलेली असतील तर एकाच कुटुंबात विचित्र चित्र दिसतं. सहा वर्षांचं पोर अमेरिकन पासपोर्टवर उद्याच्या उद्या जाऊ शकतं, आईवडील जाऊ शकत नाहीत.

अशा मुलांसाठी त्याच इमारतीतली दुसरी खिडकी

बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये अमेरिकन नागरिकांसाठी वेगळा विभाग आहे. त्याचा संबंध आज पुणे-नाशिकच्या अनेक घरांशी येतो, कारण नातवंडं अमेरिकन आहेत.

१६ वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. तो भारतात असताना संपला तर नवा इथूनच मिळतो. मूल सोबत हवं आणि आई-वडील दोघांची संमती हवी. घटस्फोटाचा वाद सुरू असलेल्या जोडप्यांची गाडी नेमकी इथे अडते. अमेरिकन नागरिकाला भारतात मूल झालं आणि कायद्याच्या अटी पूर्ण होत असतील तर त्याची अमेरिकन नागरिक म्हणून नोंदही इथेच होते.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्यामुळे अशा मुलाला भारतात राहायचं तर ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागतो. ते काम मात्र भारत सरकारचं, कॉन्सुलेटचं नाही.

भारतात एखाद्या अमेरिकन नागरिकाला अटक झाली तर कॉन्सुलेट काय करतं? अधिकारी भेटायला जातात, वकिलांची यादी देतात, घरच्यांना कळवतात. तुरुंगातून सोडवू शकत नाहीत, वकिलाची फी भरत नाहीत, कोर्टात बाजू मांडत नाहीत. अमेरिकेत अटक झालेल्या भारतीयासाठी आपल्या कॉन्सुलेटच्या मर्यादाही बऱ्याचशा अशाच आहेत. अटकेनंतर 'माझ्या देशाच्या कॉन्सुलेटला कळवा' असं म्हणायचा हक्क व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ ने दिलाय. तो मागावा लागतो, हे अनेकांना माहीतच नसतं.

खरीच इमर्जन्सी आली तर काय करायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. व्यवस्थेत इमर्जन्सी अपॉइंटमेंटची सोय आहे, पण थेट ती मागता येत नाही. क्रम असा:

१. डीएस-१६० भरा आणि फी भरा.
२. मिळेल ती सर्वात लवकरची नेहमीची तारीख घ्या. ती आठ महिन्यांनंतरची असली तरी घ्या.
३. मग त्याच खात्यातून तातडीच्या अपॉइंटमेंटची विनंती करा.
४. पुरावा तयार ठेवा. हॉस्पिटल किंवा डॉक्टरांचं पत्र, त्यात रुग्णाचं नाव, आजार आणि नातं स्पष्ट हवं. मृत्यू झाला असेल तर अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेचं पत्र.

घाबरलेल्या माणसाकडून पहिली आणि दुसरी पायरी राहून जाते आणि फोन, ईमेलमध्ये दिवस जातात.

जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण किंवा मृत्यू, स्वतःचे तातडीचे उपचार, कॉलेज सुरू होण्याची जवळ आलेली तारीख ही कारणं चालतात. लग्न, पदवीदान, वार्षिक परिषदा आणि फिरायला जाणं चालत नाही. आणि मराठी घरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला जायचंय, हे कारणही इमर्जन्सीत बसत नाही. त्यासाठी नेहमीच्या रांगेतूनच, कित्येक महिने आधी अर्ज करायला हवा.

तिकडच्या रुग्णासाठी दुसरं दार एकाच वेळी ठोठवायचं. घटना ज्या राज्यात घडली तिथलं भारतीय कॉन्सुलेट आणि परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल. कॅलिफोर्निया असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचं कार्यालय. हॉस्पिटलशी बोलणं, कागद मिळवणं, गरजू भारतीयासाठी २००९ पासून असलेल्या समुदाय कल्याण निधीतून मदत पाहणं, ही कामं ते करतात.

आणि 'दोन दिवसांत इमर्जन्सी स्लॉट, गॅरंटी' असं सांगणाऱ्या टेलिग्राम ग्रुपपासून लांब राहा. खोटं कारण दाखवून तारीख मिळवली आणि ते मुलाखतीत उघड झालं, तर नुकसान अर्जदाराचं होतं. एजंट पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो.

मग रांगेतल्या माणसाने काय समजायचं?

त्या विद्यार्थिनीच्या वडिलांना मुलाखत मिळाल्यावर निर्णय काही तासांत झाला. दोन आठवडे गेले ते खिडकीपर्यंत पोहोचण्यात. बातमी झाली म्हणून ते अंतर कमी झालं. प्रत्येकाची बातमी होत नाही.

२०२५ च्या नियमांनी हे अंतर वाढवलंय. मुलाखती जास्त लोकांना द्यायच्या आहेत, तपासणीला वेळ जास्त लागतोय आणि बाहेरच्या देशातून जायची वाट बंद आहे. ज्यांची मुलं, भावंडं अमेरिकेत आहेत, त्यांनी गरज पडायच्या आधीच पर्यटक व्हिसा काढून ठेवणं, हाच यातला सगळ्यात साधा मार्ग उरतो. तो सहसा दहा वर्षांचा मिळतो. अपघाताची बातमी येते तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि कॉन्सुलेट बंद असतं.